फेड : एका स्वस्त कॅमेऱ्याचा इतिहास

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी एक वस्तू पहिल्या रांगेत देतो आहोत. तिथून ती मागे मागे जाऊ द्या. हा फेड-२ नावाचा कॅमेरा. वय साठीच्या आसपास. आत ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म भरलेली आहे, म्हणून एवढीच विनंती की मागचं झाकण उघडू नका. सभागृहातला उजेड पाहून शटर पंचवीसवर आणि लेन्स २.८ वर लावून ठेवली आहे, त्याला हात लावायची गरज नाही. वरची घुंडी फिरवायची, खिडकीतून पाहायचं, समोरच्याची दुहेरी दिसणारी प्रतिमा एक होईपर्यंत लेन्स फिरवायची, श्वास रोखायचा आणि दाबायचं. शेजाऱ्याचा काढा, आमचा काढा, पंख्याचा काढा. पण प्रत्येकी एकच. फोटो छत्तीस आहेत आणि खुर्च्या त्याहून जास्त दिसतात.

मघाशी ओळख करून देताना आम्हाला 'अभ्यासक' म्हटलं गेलं. तसं काही नाही. आम्ही पाच-सहा जण दर रविवारी सकाळी असले जुने कॅमेरे गळ्यात अडकवून गावभर हिंडतो, संध्याकाळी कुणा एकाच्या न्हाणीघरात रोल धुतो आणि उरलेल्या वेळात या कॅमेऱ्यांबद्दल मिळेल ते वाचतो. बोलायला एकालाच पुढे ढकललंय, पण जे सांगायचं ते सगळ्यांचं आहे, म्हणून 'आम्ही'.

रस्त्यात लोक थांबवतात आणि एकच प्रश्न विचारतात : केवढ्याला पडला? आम्ही सांगतो, साडेतीन हजार. दादरच्या एका आजींनी आपल्या यजमानांचा कॅमेरा आम्हाला दिला. ते साठच्या दशकात प्रशिक्षणासाठी रशियात गेले होते, तिथून त्यांनी तो आणला होता. याच जातकुळीचा जुना जर्मन लायका घ्यायचा म्हटलं तर याच्या कैक पट पैसे मोजावे लागतात. मग पुढचा प्रश्न येतो : हा एवढा स्वस्त कसा? रस्त्यात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. आज तासभर मिळालाय, तर देऊन पाहतो.

कॅमेरा स्वस्त करण्याचा एक मार्ग सर्वांना माहीत आहे. त्यातलं काढता येईल तेवढं काढून टाकायचं. कोडकनं १९०० साली ब्राउनी काढला, किंमत एक डॉलर. पुठ्ठ्याचा डबा, साधी लेन्स, एक शटर. फोकस करायची सोय नाही, त्यामुळे चुकायचीही सोय नाही. आपल्याकडे बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला आग्फा क्लिक थ्री हा त्याच घराण्यातला. इथल्या बऱ्याच जणांचा बाळपणीचा, गॅलरीत उन्हाकडे तोंड करून डोळे बारीक केलेला फोटो त्याच डब्यातून निघाला असणार. त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण त्या कॅमेऱ्यात ठरवण्यासारखं फारसं काही नसतं.

फेडचं तसं नाही. यात काही काढून टाकलेलं नाही. फोकस आपण करायचा, शटरचा वेग आपण ठरवायचा, लेन्सचं छिद्र केवढं उघडायचं ते आपण ठरवायचं. बॅटरी नाही, उजेड मोजायचं यंत्र नाही. म्हणजे महाग कॅमेऱ्यातलं सगळं आहे आणि तरीही तो स्वस्त आहे. जे काढलेलं नाही ते स्वस्त कसं झालं, हा खरा प्रश्न आहे.

मूळ कल्पना जर्मनीतली. वेट्झलार गावच्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचे यंत्रज्ञ होते. त्यांना दम्याचा त्रास. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे आणि त्यांचं लटांबर घेऊन डोंगर चढणं त्यांना झेपत नसे, असं सांगतात. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म त्यांनी आडवी धावायला लावली आणि २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट ठरवली. तो कॅमेरा १९२५ मध्ये लायका या नावानं बाजारात आला, आणि १९३२ मध्ये रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून अंतर ठरवायची सोय, आत बसवलेला लायका-दोन आला. खिशात मावणारा, पण घड्याळासारखा नाजूक आणि महागडा. यापलीकडे लायकाची स्तुती आम्ही करणार नाही, ती करणारे पुष्कळ आहेत.

आता खारकीव्हला जाऊ. आज ते युक्रेनमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर आहे. १९३४ पर्यंत ते सोव्हिएत युक्रेनची राजधानी होतं. क्रांती, मग यादवी युद्ध, मग १९२१-२२ चा दुष्काळ, या सगळ्यातून त्या देशात लाखो मुलं बेवारस झालेली. स्टेशनांवर, डांबराच्या कढयांच्या उबेला झोपणारी, चोऱ्यामाऱ्या करून जगणारी. १९२७ च्या अखेरीला खारकीव्हच्या वेशीवर अशा मुलामुलींसाठी एक कम्यून सुरू झाली. नाव दिलं फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की यांचं. ते आदल्याच वर्षी वारले होते. त्या तीन नावांची आद्याक्षरं म्हणजे फे, ए, द. हेच आपलं 'फेड'. आणि हे झेर्झिन्स्की कोण? 'चेका'चे, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक. कम्यूनचा आश्रयदाताही तेच खातं. युक्रेनमधल्या गुप्त पोलिसांनी पगारातून वर्गणी काढून ती उभी केली होती. ज्या खात्याच्या दाराशी गाडी थांबली की घरातल्यांचा श्वास अडकायचा, त्याच खात्याच्या पैशानं पोरक्या मुलांसाठी पलंग, शाळा आणि वाद्यवृंद आला. इतिहासात असली गाठ पडली की ती सोडवायच्या भानगडीत न पडता आधी नीट पाहून घ्यावी, असं आम्हाला वाटतं.

कम्यून चालवायला आले आंतोन माकारेंको. पेशानं शिक्षक, स्वभावानं कडक. मुलांवर दया दाखवायची नाही, जबाबदारी टाकायची, हे त्यांचं सूत्र. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस काम. मुलांना कामाची मजुरी मिळे. आधी सुतारकाम आणि शिवणकाम झालं, मग १९३२ च्या सुमाराला परदेशी नमुन्यावरून विजेवर चालणारे ड्रिल तयार होऊ लागले.

इथं आपल्या ओळखीचं काहीतरी आठवतं. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींचं म्हणणं असं की मुलानं हाताच्या उद्योगातून शिकावं आणि शाळेनं स्वतःचा खर्च त्या उद्योगातून काढावा. तेव्हाही टीका झाली होती, की हे शिक्षण आहे का मुलांकडून करून घेतलेली मजुरी? वर्ध्याला हाती तकली होती आणि खारकीव्हला लेथ, त्यामुळे दोन्ही प्रयोग एकसारखे म्हणता येणार नाहीत. पण प्रश्न तोच, आणि आमच्या गटातही त्यावरून कायम वाद होतो. एकजण म्हणतो, पोरांच्या श्रमावर उभा राहिलेला कॅमेरा आपण कौतुकानं मिरवतो. दुसरी म्हणते, त्या पोरांना त्या साली पोटभर जेवण कुठं मिळत होतं ते आधी बघा. दुसरीचं म्हणणं आम्हाला जास्त पटतं. पण पटताना बरं वाटत नाही. का, ते सांगतो.

ड्रिल जमल्यावर मुलांच्या कारखान्यानं लायकाला हात घातला. १९३२ च्या शेवटी एक लायका सुटा केला, प्रत्येक भाग मोजला, आराखडे काढले आणि पहिले तीन नमुने बनवले. १९३३ मध्ये लायका-दोन समोर ठेवून पुन्हा तेच केलं. १९३४ मध्ये नियमित उत्पादन सुरू झालं. ना परवाना, ना लाइट्झला एक पै. कालपर्यंत रस्त्यावर वाढलेली चौदा-सोळा वर्षांची मुलं मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब करत होती. सुरुवातीच्या काळात लेन्स ज्या कॅमेऱ्यासाठी बनली त्यालाच बरोबर बसायची, दुसऱ्याला लावली की फोकस चुकायचा. माप एकसारखं यायला वेळ लागला. लायकाशी तुलना करून हसणारे हसतात. आम्ही कधी हसलो नाही.

आता त्या तारखा पुन्हा बघा. १९३२ चा शेवट, १९३३ चा वसंत. हा युक्रेनमधल्या महादुष्काळाचा काळ आहे. सक्तीची धान्यवसुली झाली, गावांच्या नाकेबंद्या झाल्या, शेतकरी उपाशी मेले. मेलेल्यांच्या आकड्यांवर इतिहासकारांत मतभेद आहेत, पण बहुतेक गंभीर अंदाज तीस लाखांच्या वरचेच आहेत. उपासमारीनं पिळून निघालेली माणसं चालत खारकीव्हला येत होती आणि फुटपाथवर पडून मरत होती.

त्याच महिन्यांत त्याच शहरात आलेक्झांडर वीनरबर्गर नावाचा एक ऑस्ट्रियन रसायन-अभियंता कारखान्यात नोकरीला होता. तो लपूनछपून फोटो काढत होता. रस्त्याच्या कडेला आडवी झालेली माणसं, त्यांच्याजवळून जाणारे येणारे, रिकाम्या दुकानांपुढच्या रांगा. ते फोटो ऑस्ट्रियाच्या राजनैतिक टपालातून देशाबाहेर गेले. त्या दुष्काळाचे जे मोजके अस्सल फोटो आज आपल्याला ठाऊक आहेत त्यांतले बरेच त्याचे आहेत. सोव्हिएत वर्तमानपत्रांत त्यांतलं एकही चित्र छापलं गेलं नाही, कारण अधिकृतपणे दुष्काळ नव्हताच.

म्हणजे एकाच गावात, एकाच वसंतात, एका बाजूला मुलं सर्वसामान्यांच्या हाती देता येईल असा कॅमेरा घडवत होती. आणि दुसऱ्या बाजूला त्याच गावच्या रस्त्यावरचं दृश्य कॅमेऱ्यात धरणं हा जिवावरचा खेळ होता. ती मुलं त्या फुटपाथवरच्या माणसांचीच भावंडं शोभली असती. दहा वर्षांपूर्वी ती स्वतः तशीच पडलेली होती. एखादं वर्ष इकडेतिकडे झालं असतं तर कोण लेथवर आणि कोण रस्त्यावर, एवढाच फरक. आमच्या वादातल्या दुसरीचं म्हणणं खरं आहे, मुलांना जेवण मिळत होतं. ते कोणाच्या ताटातून येत होतं हा प्रश्न त्या जेवणाबरोबरच येतो.

पहिल्या फेडच्या माथ्यावर कारखान्याचं नाव कोरलेलं असे : फेलिक्स झेर्झिन्स्की श्रम-कम्यून, खारकीव्ह. पुढं त्यात 'एनकेव्हीडी' ही अक्षरं आली, तेव्हाचं गुप्त पोलिसांचं खातं. जगात दुसऱ्या कुठल्या पोलीस खात्याचं नाव कॅमेऱ्याच्या माथ्यावर झळकलेलं आम्ही पाहिलं नाही. १९३७ मध्ये त्याच खात्याचे युक्रेनमधले प्रमुख आणि कम्यूनचे आश्रयदाते व्सेवोलोद बालित्स्की यांना त्यांच्याच खात्यानं पकडून गोळी घातली. माकारेंको त्याआधीच खारकीव्ह सोडून गेले होते. १९३९ मध्ये एक्कावन्नाव्या वर्षी ते वारले. कम्यून हळूहळू कारखान्यात विरून गेली. युद्धापूर्वी लाखाहून अधिक फेड तिथून बाहेर पडले होते.

पुढचा भाग भराभर सांगतो. १९४१ च्या ऑक्टोबरात जर्मन फौजा खारकीव्हमध्ये शिरल्या. कारखान्याची यंत्रं त्याआधी सायबेरियाकडे हलवली होती. युद्धानंतर कॅमेऱ्यांची मागणी आणि खारकीव्हची दैना, दोन्ही मोठी. म्हणून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याला हेच काम दिलं. १९४८ मध्ये तिथून निघालेल्या पहिल्या कॅमेऱ्यांवर 'फेड' आणि 'झोर्की' अशी दोन्ही नावं असत, मग नुसतं 'झोर्की' राहिलं. त्याच झोर्कीत आरसा बसवून १९५२ मध्ये झेनिट तयार झाला. जर्मन पेटंटांची आता कुणालाच भीती नव्हती, हरलेल्या देशाची पेटंटं जेत्यांनी खुली करून टाकली होती. म्हणजे हिशेब असा : शोधाचे पैसे दिले नाहीत, सुरुवातीचे हात पोरक्या मुलांचे, कारखाना सरकारी, आणि बनवायला किती लागले याच्याशी विकायच्या किमतीचा संबंध जोडायचाच असं बंधन नाही. फेड स्वस्त होण्याची कारणं ही. शिल्लक राहिलेलं कारण म्हणजे संख्या. पुढं झेनिट तर अक्षरशः लाखांनी बनले, म्हणून आजही ते जुन्या बाजारात पडलेले दिसतात. तुमच्या हातून फिरतोय तो मात्र मुलांनी केलेला नाही, हे स्पष्ट करायला हवं. फेड-२ १९५५ ला आला, तोवर तिथं इतर कारखान्यांसारखे कामगार होते. वंश तोच, एवढंच.

आपल्याकडे हे कॅमेरे कसे आले? आयातीवर कडक बंधनं होती, जपानी आणि जर्मन कॅमेऱ्याला परकीय चलन लागे. सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनी यांच्याशी मात्र रुपयांत व्यवहार होई. त्या वाटेनं झेनिट आले, पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची 'ओर्वो' फिल्म आली. आणि आमच्या दादरच्या आजींच्या यजमानांसारखे भिलाई-बोकारोच्या निमित्तानं तिकडे गेलेले लोक सामानातून आणत ते वेगळेच. फिल्मसाठी सरकारनं १९६० मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स स्थापन केली, १९६७ मध्ये उत्पादन सुरू झालं, ब्रँड 'इंदू'. इंदू म्हणजे चंद्र. फिल्मवरचा काळा रंग हा चांदीच्या बारीक कणांचाच असतो, तेव्हा नाव कुणी विचार करून ठेवलं असेल तर त्याला दाद द्यायला हवी. तो कारखाना आता बंद आहे.

आता वापराविषयी, कारण व्याख्यानानंतर हेच विचारलं जाणार. उजेडाचं गणित अवघड नाही. लख्ख ऊन असेल तर लेन्स १६ वर आणि शटर फिल्मच्या आकड्याइतकं. १०० ची फिल्म असेल तर शंभरावर. ढग आले की ८, सावलीत ५.६. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे डोळे मिटून चालतं. फसगत होते ती अंगणातून ओटीवर पाऊल टाकताना. डोळा लगेच सरावतो, फिल्म सरावत नाही. वाड्याच्या ओटीवर बसलेल्या माणसाला अंगणाच्या उजेडानं मोजलं की तो कोळशासारखा येतो. आमच्याकडे असे पुष्कळ कोळसे आहेत.

फेडच्या दोन खोडी लक्षात ठेवा. शटरचा वेग बदलायचा तो घुंडी फिरवून झाल्यावरच, आधी नाही. आधी बदललात तर आकडा एका जागी आणि वेग भलत्याच असा घोटाळा होतो. आणि कॅमेरा उन्हात लेन्स वर करून ठेवायचा नाही. शटर कापडाचं असतं, लेन्सच्या भिंगातून ऊन त्यावर पडलं की भोक पडतं. मग प्रत्येक फोटोत एकाच जागी पांढरा ठिपका येतो, जसा काही तिथं कायमचा चंद्र उगवलाय.

तिसरी खोड कॅमेऱ्याची नाही, आमची. फिल्म भरताना तिचं टोक रिळाच्या खाचेत नीट अडकलं नाही तर घुंडी फिरत राहते, आकडा पुढं सरकत राहतो, शटरचा आवाज येत राहतो आणि फिल्म जागची हलत नाही. आमच्यातल्या एकाच्या आजोळचा वाडा पाडायला काढला होता. माजघर, देवघर, परसातली विहीर, कोनाड्यात काजळी धरलेली जागा, सगळं त्यानं दिवसभर टिपलं. छत्तीस. संध्याकाळी रोल धुतला तर अथपासून इतिपर्यंत पारदर्शक. पुढच्या रविवारी परत गेलो तेव्हा तिथं जेसीबी उभा होता. टाळायचा उपाय सोपा आहे. घुंडी फिरवताना डाव्या बाजूची गुंडाळायची घुंडी उलट फिरते का ते बघायचं. ती फिरली तर फिल्म सरकते आहे. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक फोटोला तिच्याकडे बघतो, वाड्याचा विषय मात्र त्याच्यासमोर काढत नाही.

धुण्याबद्दल एकच. डेव्हलपर २० अंशांवर लागतो आणि मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी तिशीला टेकलेलं असतं. म्हणून बादलीत बर्फ, बर्फात बाटली. अंधारात चेंजिंग बॅगेत हात घालून फिल्म रिळावर चढवायची, मग टाकीत डेव्हलपर, मग हायपो, मग पाणी. पट्टी बाहेर काढून दिव्यासमोर धरायची. चेहरे काळे, केस पांढरे, आकाश काळंकुट्ट. तरी माणूस ओळखू येतो.

हल्ली ती पट्टी धरताना आमच्या मनात खारकीव्ह येतं. फेडचा कारखाना कॅमेरे करायचं केव्हाच थांबला, आता तिथं विमानांचे भाग होतात. क्रास्नोगोर्स्कचा कारखाना लष्करासाठी दुर्बिणी आणि नेमसाधनं बनवतो. एका गावानं दुसऱ्याला आराखडे दिले होते आणि सुरुवातीला 'फेड' आणि 'झोर्की' ही दोन्ही नावं एकाच कॅमेऱ्यावर होती. २०२२ च्या फेब्रुवारीपासून खारकीव्हवर रशियन तोफा आणि क्षेपणास्त्रं पडत आहेत. गल्लोगल्लीचे फोटो आता मिनिटामिनिटाला येतात, फोनवरून. वीनरबर्गरला एक चित्र देशाबाहेर काढायला टपालाची थैली लागली होती.

कॅमेरा कुठवर पोचला? त्या तिसऱ्या खांबाशी का? माथ्यावरचा आकडा वाचा जरा. एकोणतीस. म्हणजे सात उरले. अहो, ती डावीकडची घुंडी फिरत होती ना, कुणी पाहिलं का?